राहुटी टाकायला जागा कोठे आहे?

कोरेगावच्या पेठेत अमेरिकेस जाऊन आलेला मनुष्य आता नवलाचा राहिलेला नाही. एका पिढीपूर्वी येथील मुले पुण्या-मुंबईस नोकरीस जात. आज त्यांतील काहींची मुले सॅन होजे आणि सिएटलला आहेत, आणि निवृत्त आईवडील सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे असे दिवस काढीत आहेत. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे चिरंजीव असेच कॅलिफोर्नियात नोकरीस आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते आणि सूनबाई मोटारीत तंबू, पथाऱ्या, शेगडी आणि शिधा भरून बाहेर पडले. योसेमिटी, झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन अशी राष्ट्रीय उद्याने पाहत त्यांनी दोन-अडीच आठवड्यांत सुमारे चार हजार किलोमीटर प्रवास केला. हॉटेलात ते जवळजवळ उतरलेच नाहीत. रोज संध्याकाळी नेमून दिलेल्या जागेवर तंबू ठोकायचा, स्वतः भात शिजवायचा आणि सकाळी जागा झाडून पुढे निघायचे, असा त्यांचा क्रम होता.

दिवाळीत हे दांपत्य कोरेगावास आले. अमेरिकेचा पश्चिम भाग पाहिला, आता आपला पश्चिम घाट तसाच पाहू, असे त्यांच्या मनात आले. तंबू बरोबर होता, घरची मोटार होती, आणि सह्याद्रीचा माथा दोन तासांच्या अंतरावर होता. दोन दिवस हिंडून ते परत आले. जंगलाच्या फाटकापाशी संध्याकाळी बाहेर पडा असे सांगण्यात आले. फाटकाबाहेर एका माळावर तंबू ठोकू लागले, तर जमीन खाजगी मालकीची निघाली. अखेर ज्या खाजगी तंबूनिवासात रात्र काढावी लागली, त्याचे भाडे ऐकून मुख्याध्यापक मुलाला म्हणाले, "अरे, एवढ्यात तुझं अख्खं वर्षाचं शिक्षण झालं होतं." नंतर थोडे थांबून ते म्हणाले, "तिकडचा रानातला शिपाई वाट दाखवतो, इकडचा वाट अडवतो. हा फरक माणसाचा आहे, की कायद्याचा?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख आहे. अमेरिकेतील सर्व काही गोमटे आणि आपले सर्व काही ओंगळ, अशी सोपी मांडणी करून हात झटकणारे लोक आपल्यात पुष्कळ आहेत. तिकडचा माणूस शिस्तप्रिय आणि आपला बेशिस्त, हे त्यांचे ठरलेले निदान असते. परंतु त्या दांपत्याला यलोस्टोनमध्ये मिळालेली जागा ही अमेरिकन स्वभावाची देणगी नव्हती. ती एका सार्वजनिक संस्थेची निर्मिती होती, आणि ती संस्था उभी राहण्यास बराच काळ, पैसा आणि राजकीय निर्धार खर्ची पडलेला आहे.

यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्या कायद्यावर सही केली. सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश कोणालाही विकता येणार नाही, तो लोकांच्या उपभोगासाठी राखला जाईल, असे ठरले. मात्र ठरले म्हणून लगेच काही घडले नाही. आरंभीची वर्षे या उद्यानाला पैसा नव्हता, माणसे नव्हती. शिकार राजरोस चालू होती. १८८६ साली अखेर लष्कराला पाचारण करावे लागले, आणि पुढील तीन दशके उद्यान लष्कराने सांभाळले. सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र सेवा १९१६ साली निर्माण झाली. म्हणजे उद्यान जाहीर होणे आणि ते सांभाळणारी यंत्रणा उभी राहणे यांत ४४ वर्षांचे अंतर पडले.

या उद्यानांत आरंभी जात कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. रेल्वे कंपन्यांना उतारू हवे होते, म्हणून त्यांनी उद्यानांची जाहिरात केली आणि मोठी हॉटेले उभी राहिली. यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुल या उष्णोदकाच्या कारंज्यापाशी असलेले प्रसिद्ध लाकडी हॉटेल १९०४ सालचे आहे. त्या काळी रेल्वेचे भाडे आणि हॉटेलचा खर्च परवडणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांनाच हे रान खुले होते. १९१५ साली यलोस्टोनमध्ये मोटारींना प्रवेश मिळाला आणि चित्र पालटू लागले. स्वस्त मोटार घेतलेला शिक्षक, कारकून, कारागीर मागच्या बाजूला तंबू बांधून येऊ लागला. त्याला हॉटेल नको होते. सपाट जागा, पिण्याचे पाणी, शौचकूप आणि रात्री कोणी उठवणार नाही याची हमी, एवढेच त्याला पुरे होते.

ही हमी सरकारने दिली, आणि ती देण्याची मोठी संधी मंदीच्या काळात आली. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांची एक वनसंवर्धन सेना उभारली. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुणांनी तीत काम केले. राष्ट्रीय उद्यानांतील कित्येक पायवाटा, पूल, निवारे आणि तंबूंची मैदाने त्यांच्या हातची आहेत. बेकाराला मजुरी देताना समाजासाठी टिकाऊ मत्ता निर्माण करावयाची, हा विचार सातारा-सांगलीच्या वाचकाला परका वाटू नये. तासगाव तालुक्यात प्रयोग होऊन पुढे १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली, आणि १९७७ च्या कायद्याने हक्काच्या रूपात आलेली रोजगार हमी योजना याच विचारावर उभी होती. तिचे शिल्पकार वि. स. पागे हे आपल्याच भागातले. आपण त्या योजनेतून पाझर तलाव, बांध आणि रस्ते केले. ते आवश्यकच होते. रानातील पायवाट आणि मुक्कामाचे मैदान हीदेखील सार्वजनिक मत्ता असते, हे मात्र आपल्याला सुचले नाही.

या सर्वाचा परिणाम आकड्यात पाहावा. योसेमिटीत तंबूची एक जागा एका रात्रीस सुमारे ३५ डॉलरला मिळते, आणि त्या जागेवर सहा माणसे राहू शकतात. कॅलिफोर्नियातील किमान वेतनावर काम करणाऱ्या मजुराची ही दोन-तीन तासांची मजुरी झाली. त्या बदल्यात नियम मात्र कडक आहेत. अस्वलाच्या वाटेला जाऊ नये म्हणून अन्न लोखंडी पेटीत बंद ठेवावे लागते. यलोस्टोनमध्ये अस्वल व लांडगा यांच्यापासून १०० यार्ड आणि गव्यापासून २५ यार्ड दूर राहण्याची सक्ती आहे. रात्री ठराविक वेळेनंतर गोंगाट चालत नाही. नियम मोडणाऱ्यास दंड होतो. तेथील माणसाची शिस्त वरून टपकलेली नाही. कायदेशीर जागा दिली म्हणून नियम लावता आले, आणि नियम लावले म्हणून सवय जडली.

परंतु नाण्याची दुसरी बाजू न पाहणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. जे 'निर्मनुष्य रान' म्हणून राखले गेले, तेथे माणसे होती. योसेमिटीच्या दरीतील मूळ रहिवाशांवर १८५१ साली सशस्त्र तुकडी चाल करून गेली होती. यलोस्टोनच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या जमातींना राखीव वसाहतींत नेऊन बसविण्यात आले. आजही तेथे सर्व आलबेल नाही. २०२४ साली या सेवेच्या अखत्यारीतील स्थळांना ३३ कोटींहून अधिक भेटींची नोंद झाली. उन्हाळ्यातील जागा काही महिने आधी खुल्या होतात आणि काही मिनिटांत संपतात. २०२५ च्या फेब्रुवारीत सुमारे एक हजार कर्मचाऱ्यांना घरी पाठविण्यात आले. आणि १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या पाहुण्यावर योसेमिटी, यलोस्टोन, झायन यांसह ११ प्रमुख उद्यानांत प्रत्येकी १०० डॉलर जादा आकार बसला आहे. रहिवाशाला जो वार्षिक परवाना ८० डॉलरला, तो परदेशीयास २५० डॉलरला. म्हणजे मुलगा-सून यांना खुले असलेले फाटक मुख्याध्यापकांना आणि त्यांच्या पत्नीला बरेच महाग पडणार. 'लोकांसाठी' या शब्दातील लोक कोण, हा प्रश्न त्या देशालाही सुटलेला नाही.

आता आपल्याकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर हवा खाण्यासाठी जाण्याची आधुनिक प्रथा आपल्याला इंग्रजांनी दिली. १८२० च्या दशकाच्या अखेरीस गव्हर्नर माल्कम यांच्या पुढाकाराने महाबळेश्वरी वसाहत उभी राहिली. तिचे नावही माल्कम पेठ पडले. गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, त्यांचा क्लब, त्यांचा बाजार, आणि सेवेला भोवतालच्या खेड्यांतील माणसे, अशी तिची घडण होती. इंग्रज गेले, बंगल्यांची हॉटेले झाली, परंतु मूळ कल्पना बदलली नाही. डोंगर हा पैसेवाल्याने विकत घ्यावयाचा गारवा आहे आणि स्थानिकाने तेथे सेवा पुरवावी, हीच ती कल्पना.

दुसरी कल्पना राष्ट्रीय उद्यानाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला आपल्याकडे आजचे कायदेशीर रूप मिळाले. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली; २००४ साली चांदोलीचे सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले; २०१० साली या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून येथील वाघांची संख्या वाढविण्याच्या कामास सुरुवात झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. कृष्णा, कोयना, वारणा यांच्या पाण्यावर ज्यांची शेती आणि ज्यांच्या घरचे दिवे अवलंबून आहेत, त्यांनी या रानाचे मोल ओळखलेच पाहिजे.

तथापि आपण अमेरिकेकडून या कल्पनेचा अर्धाच भाग उचलला. रान राखावयाचे, हा भाग घेतला; त्यासाठी माणसे उठवावयाची, हाही दुर्दैवाने घेतला. आधी धरणाच्या पाण्याखाली आणि मग अभयारण्याच्या हद्दीत कोयना-वारणेच्या खोऱ्यांतील गावे गेली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे दावे दशकानुदशके रेंगाळले. मात्र राखलेल्या रानाच्या कडेला सामान्य नागरिकाने रास्त भाड्यात, कायदेशीरपणे, नियम पाळून रात्र काढावी, ही सोय आपण पुरेशी केलीच नाही. वनखात्याची काही विश्रामगृहे आहेत, क्वचित तंबूही आहेत. परंतु त्यांची संख्या मोजकी आणि त्यांची माहिती त्याहून मोजकी. वासोट्यास बामणोलीहून नावेने जाता येते, पण दिवस मावळण्याआधी परतावे लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात हे योग्यच आहे. प्रश्न गाभ्याचा नसून काठाचा आहे.

काठावर आज काय दिसते? ज्याच्याजवळ पैसा आहे, तो जलाशयाच्या काठी आणि पठारांच्या उतारावर खाजगी निवास विकत घेतो. ज्याच्याजवळ पैसा नाही पण हौस आहे, तो चोरून कोठेतरी तंबू टाकतो. चोरून टाकलेल्या तंबूला शौचकूप नसते, कचऱ्याची व्यवस्था नसते आणि विस्तवावर कोणाची नजर नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा अख्खा डोंगर खातो. आणि ज्याच्याजवळ पैसाही नाही आणि चोरी करण्याचे धाडसही नाही, तो शिक्षक, तो कारकून, तो विद्यार्थी घरी बसतो. कोरेगावातील किती मुलांनी कासच्या पठारावरील फुले प्रत्यक्ष पाहिली आहेत, हे एखाद्या शिक्षकाने वर्गात हात वर करायला सांगून पाहावे. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आतले आहे.

मुक्काम ही गोष्ट आपल्याला नवी आहे, असेही नाही. आषाढीला ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी राहुट्यांची नगरे एका संध्याकाळी उभी राहतात आणि दुसऱ्या पहाटे उठतात. कोणत्या दिंडीने कोठे उतरावयाचे, पाणी कोठून घ्यावयाचे, कोणामागून कोणी चालावयाचे, हे सारे ठरलेले असते. माण-खटावचा मेंढपाळ बायकामुलांसह, घोड्यावर संसार लादून, वर्षातील कित्येक महिने उघड्या माळावर काढतो. शेतकरी त्याला बोलावून आपल्या रानात मेंढरे बसवितो आणि खताच्या मोबदल्यात धान्य देतो. गळिताच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या खोपी कोरेगावच्या शिवारातही दिसतात. त्यांचा मुक्काम हौसेचा नसून पोटासाठी आहे, हा भेद विसरता येणार नाही. पण उघड्यावर राहण्याची विद्या या मातीला अवगत आहे. 'आपल्या लोकांना जमणार नाही' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

स्थानिकांना व्यवस्था जमते, याचे पुरावे याच दोन जिल्ह्यांत आहेत. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्य हे अवघे १०.८७ चौरस किलोमीटरचे. पण उजाड डोंगरावर झाडे लावून आणि हरणे सोडून ते उभे राहिले, आणि त्यामागे धों. म. मोहिते यांच्यासारख्या एका खेड्यातील माणसाचा ध्यास होता. कास २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. लोटणाऱ्या गर्दीवर तेथे रोजची मर्यादा घालण्यात आली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आले. आणि हे काम आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांच्या हातून होते. त्यात चुका झाल्या. पठाराला घातलेल्या कुंपणाने आणि चराई थांबल्याने फुलांचे भले झाले की नुकसान, यावर वाद झाला आणि ते कुंपण काढावे लागले. परंतु चूक झाली, ती चर्चेत आली आणि दुरुस्त झाली, हेच जिवंत संस्थेचे लक्षण होय.

या पार्श्वभूमीवर 'नवीन महाबळेश्वर' या प्रकल्पाकडे पाहिले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील डोंगरी भागातील २३५ गावांचा समावेश असलेला त्याचा प्रारूप आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यावर पर्यावरणाच्या अंगाने पुष्कळ हरकती घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त आहेत. पण प्रकल्पाच्या नावातच खरा प्रश्न उघडा पडतो. जुन्या महाबळेश्वरची वाहने, पाणी आणि कचरा यांनी झालेली दशा समोर दिसत असताना आपल्याला दुसरे महाबळेश्वरच का सुचावे? डोंगरात जाण्याची दोनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या साहेबाची रीत, एवढीच एक रीत आपल्या कल्पनाशक्तीत शिल्लक आहे काय?

दुसरी रीत शक्य आहे आणि ती खर्चिक नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेर, आधीच मोकळ्या असलेल्या सरकारी वा ग्रामपंचायतीच्या जमिनीवर, मोजक्या ठिकाणी मुक्कामाची मैदाने आखावीत. पक्के बांधकाम फक्त पाण्याचे, शौचकूपांचे आणि चौकीदाराच्या खोलीचे असावे. उघडा जाळ बंद, ध्वनिवर्धक बंद, मद्य बंद; तंबूंची संख्या ठरलेली. पावसाळ्यात मैदान बंद ठेवावे, म्हणजे जमिनीलाही विसावा मिळेल. व्यवस्था त्या खोऱ्यातील, विशेषतः धरण आणि अभयारण्य यांसाठी विस्थापित झालेल्या कुटुंबांच्या संस्थांकडे असावी, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांच्याच हाती राहावा. पायवाटांची आणि जाळरेषांची कामे रोजगार हमीतून करावीत. भाडे असे असावे, की प्राथमिक शिक्षकाला चौघांच्या कुटुंबासह एक रात्र काढणे जड जाऊ नये. आणि शाळांच्या सहलींसाठी आठवड्यातील काही दिवस राखून ठेवावेत.

यावर आक्षेप येतील. माणूस आला की रान बिघडते, हा पहिला. तो खरा आहे, पण माणूस आजही येतोच आहे. मोजून येणारा आणि न मोजता येणारा, एवढीच निवड आपल्या हाती आहे. बिबट्या-गव्याच्या प्रदेशात तंबू धोक्याचा, हा दुसरा. म्हणूनच जागा जाणकारांनी ठरवावी आणि अन्न उघड्यावर ठेवू नये. तिसरा आक्षेप असा, की आरंभी चांगले चाललेले काम पुढे ठेकेदाराच्या घशात जाईल. ही भीती मात्र खरोखर वाजवी आहे. तिच्यावर उपाय एकच: भाड्याचा दर आणि जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे.

ज्याने रात्र रानात काढली आहे, तो त्या रानाच्या बाजूने बोलतो. अमेरिकेत उद्यानांचा पैसा कापला, की लोक तक्रार करतात, कारण त्यांच्या बालपणाची एखादी रात्र त्या तंबूत गेलेली असते. आपला कोयना-चांदोलीचा प्रदेश मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला ठाऊक आहे, ठेकेदाराला ठाऊक आहे. कोरेगावच्या विद्यार्थ्याला तो नकाशावरील हिरवा डाग आहे. उद्या या डोंगरांच्या भवितव्याचा निर्णय होताना हरकत नोंदवायला उभे राहायचे आहे ते याच विद्यार्थ्याला. जे त्याने कधी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी तो काय म्हणून उभा राहील?

मुख्याध्यापकांचे चिरंजीव दिवाळीनंतर कॅलिफोर्नियास परत गेले. तंबू मात्र ते कोरेगावातच ठेवून गेले आहेत. तो माळ्यावर बांधून ठेवलेला आहे.